शंभर येनची बशी परवडते कशी?

माझे आईबाबा पहिल्यांदा ओसाकाला आले तेव्हा त्यांना सुशी खायला न्यायचं की नाही, यावर घरात आठवडाभर चर्चा चालली होती. बाबा मालवणचे. मासळीशिवाय त्यांचं जेवण होत नाही, पण कच्चा मासा म्हटल्यावर तेही गप्प झाले. आई माळकरी घरातली, तिने आयुष्यात अंडंसुद्धा शिवलेलं नाही. शेवटी मी दोघांना स्टेशनजवळच्या फिरत्या पट्ट्याच्या दुकानात घेऊन गेले. तिथे टेकल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो माशाबद्दल नव्हताच. समोरून सरकत जाणाऱ्या बशांकडे बघत ते म्हणाले, "एवढ्यात यांना परवडतं कसं गं?"

प्रश्न अगदी रास्त होता. एका बशीत भाताच्या दोन छोट्या मुटक्या, प्रत्येकीवर माशाचा एक तुकडा, आणि किंमत 120 येन. आपले साधारण 70 रुपये. ओसाकात एवढ्यात रस्त्यावरच्या यंत्रातून पाण्याची एक बाटली मिळते. याच शहरात आचाऱ्यासमोर बसून सुशी खायची तर माणशी 20,000 येनही सहज लागतात. नाव एकच, पदार्थही दिसायला एकच. मग मधला फरक गेला कुठे? हे नीट समजायला सुशी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते.

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. खरं तर सुशी म्हणजे आंबट भात. त्यावर मासा असेल, अंडं असेल, नाहीतर काकडी असेल. तोही मासा कच्चाच असतो असं नाही. उकडलेली कोळंबी असते, भाजलेला ईल असतो, व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगड्याचा जपानी चुलतभाऊ 'साबा' असतो. हा आंबटपणा आला तो मासा टिकवण्याच्या खटपटीतून. ओसाकापासून फार लांब नसलेल्या बिवा सरोवराच्या काठी अजूनही 'फुनाझुशी' करतात. मासा मिठात घालायचा, मग भातात दाबून महिनोन्महिने ठेवायचा. भात आंबतो आणि त्या आंबण्यामुळे मासा नासत नाही. आपण खारवून, वाळवून मासा पावसाळ्यासाठी ठेवतो, त्यांनी भाताचा आधार घेतला. पुढे लोकांना एवढा धीर धरवेना. भात आंबण्याची वाट बघण्यापेक्षा त्यात व्हिनेगरच घालू, असा मार्ग निघाला. 1820च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने वळलेल्या भातावर माशाचा तुकडा ठेवून लगेच हातात द्यायची पद्धत रुजली. तिचं श्रेय सहसा हानाया योहेई या माणसाला देतात.

एदोमधली ही सुशी विकली जायची हातगाडीवर. कामकरी माणूस यायचा, उभ्याउभ्या दोन-चार मुटक्या तोंडात टाकायचा आणि कामाला लागायचा. मुटक्याही आजच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असायच्या. मुंबईत गिरणीच्या पाळीला निघालेल्या माणसाला वडापावाने जे दिलं, तेच ती सुशी एदोतल्या माणसाला देत होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वस्त सुशी ही महागड्या सुशीची नक्कल आहे असं अनेकांना वाटतं. इतिहास उलटा आहे. सुशी गरिबाच्या गाडीवर वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या रस्त्यावरून गेल्या, सुशी दुकानाच्या आत गेली, आणि भिंतीवर दर न लिहिणाऱ्या दुकानांमुळे सामान्य माणूस दारातच बिचकू लागला. आत गेल्यावर बिल किती होईल याचा अंदाज नसणं ही मोठी भीती असते.

ही भीती मोडली ती हिगाशी-ओसाका या कारखान्यांच्या गावातल्या एका माणसाने. योशिआकी शिराइशी. त्यांचं फुसे स्टेशनच्या भागात उभ्याने खायचं छोटं सुशीचं दुकान होतं. आसपासच्या कारखान्यांतले कामगार त्यांचं गिऱ्हाईक. दर कमी, त्यामुळे गर्दी भरपूर, पण हात कमी. सुशी वळणारे आचारी महाग, आणि तरुण पोरं कारखान्यात जास्त पगार मिळतो म्हणून तिकडे जायची. वळायचं, वाढायचं, बश्या उचलायच्या, पैसे घ्यायचे, सगळं दोन-तीन माणसांनी कसं करायचं? अशात ते आसाही कंपनीचा बिअरचा कारखाना बघायला गेले. तिथे बाटल्या पट्ट्यावरून ओळीने सरकत होत्या. आपल्या बश्याही अशाच गिऱ्हाइकासमोरून सरकल्या तर वाढप्याची गरजच उरणार नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं.

डोक्यात येणं आणि हातून होणं यात काही वर्षं गेली. बाबा एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. मी त्यांना ही गोष्ट सांगत होते तेव्हा त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "सरळ पट्टा कोणीही करील. वळणावर काय केलं?" नेमकी तिथेच शिराइशींची गाडी अडली होती. कारखान्यातला पट्टा लांबलचक असतो. दुकानात मात्र त्याला छोट्या जागेत कोपऱ्यावर वळावं लागतं. चौकोनी तुकडे जोडून साखळी केली तर वळणावर त्यांच्यात फट पडते, नाहीतर ते एकमेकांवर चढतात, बशी अडकते. उपाय सापडला तो चंद्रकोरीच्या आकाराच्या तुकड्यांचा. एका कोरीची फुगीर बाजू पुढच्या कोरीच्या खोलगट बाजूत बसते, त्यामुळे वळणावर त्या एकमेकींत सरकतात आणि फट पडत नाही. पुढच्या वेळी अशा दुकानात गेलात तर बश्यांच्या खालचा पट्टा निरखून बघा, कोरी लगेच दिसतील. हे पट्टे आज जवळजवळ सगळे जपानच्या इशिकावा प्रांतातच बनतात.

दुसरा प्रश्न वेगाचा. पट्टा जोरात फिरवला तर भातावरचा तुकडा सुकतो, गिऱ्हाईकही बावरतं. हळू फिरवला तर माणसं वाट बघून कंटाळतात. प्रयोग करत करत शिराइशी सेकंदाला 8 सेंटिमीटर या वेगावर येऊन थांबले. बाबांनी घड्याळ काढून आमच्या समोरची एक बशी मोजायला घेतली होती, पण तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या मुलाने ती उचलली. बहुतेक पट्टे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. उजव्या हातात चॉपस्टिक्स असतात, तेव्हा डाव्या हाताने बशी उचलणं सोपं जावं, असं त्याचं कारण सांगितलं जातं.

1958 साली त्यांचं 'मावारु गेनरोकु सुशी' सुरू झालं. मावारु म्हणजे फिरणारं. या प्रकाराला आता 'कैतेन-झुशी' म्हणतात, त्याचाही अर्थ फिरती सुशी असाच. 1970च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात या पट्ट्याने लाखो लोकांचे डोळे वेधले आणि तो देशभर माहीत झाला. पट्ट्यावरचा हक्क शिराइशींकडे होता. 1978 साली त्याची मुदत संपली आणि मग दुसऱ्यांसाठी दार उघडलं. आज ज्या साखळ्या गावोगाव दिसतात, सुशिरो, कुरा, काप्पा, हामा, त्या सगळ्या त्यानंतरच फोफावल्या. सुशिरोचं पहिलं दुकान आणि कुराचं पहिलं फिरत्या पट्ट्याचं दुकान, दोन्ही 1984ची आणि दोन्ही ओसाकाकडची. ओसाका व्यापाऱ्यांचं गाव, भाव करून घेणाऱ्यांचं गाव. स्वस्त सुशी इथेच जन्मली यात मला काही नवल वाटत नाही.

आता बाबांच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. स्वस्त म्हणजे मालात काहीतरी कमी असणार, असं आपण धरून चालतो. इथे बहुतेकदा उलट असतं. साधारण हॉटेलात शंभर रुपयांच्या पदार्थातला तीसेक रुपयांचा कच्चा माल असतो, बाकी पगार, भाडं, वीज आणि नफा. फिरत्या सुशीच्या मोठ्या साखळ्यांत कच्च्या मालाचा हा वाटा चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे तुमच्या पैशातला जास्त भाग बशीतच येतो. वाचवलेलं असतं ते माणसाच्या श्रमात.

सुशीच्या आचाऱ्यांमध्ये एक जुनं बोलणं आहे: भात शिजवायला शिकायला तीन वर्षं, वळायला शिकायला आठ. एवढं शिकलेल्या हाताची किंमत 120 येनच्या बशीत बसत नाही. म्हणून 1981 साली सुझुमो या कंपनीने सुशीसाठी भात वळणारं यंत्र बाजारात आणलं. ही कंपनी त्याआधी मिठाईची यंत्रं बनवायची. त्या काळात जपानी सरकार शेतकऱ्यांना भातलावणी कमी करायला सांगत होतं, कारण लोक तांदूळ कमी खाऊ लागले होते. लोकांनी पुन्हा भात खावा, आणि त्यासाठी सुशी स्वस्त व्हावी, हा त्या कंपनीच्या मालकांचा ध्यास होता. यंत्राचं काम वाटतं तितकं सोपं नाही. भात नुसता दाबला तर त्याचा लगदा होतो. चांगल्या मुटकीत आत हवा राहिलेली असते, म्हणून ती चॉपस्टिक्सने उचलताना धरून राहते आणि जिभेवर टेकली की सुटते. तांदूळ आखूड दाण्याचा, आपल्या इंद्रायणीसारखा एकमेकांना धरणारा. शिजवल्यावर त्यात व्हिनेगर, मीठ, साखर घालून उलथण्याने हलक्या हाताने मोकळा करायचा आणि अंगाइतका कोमट ठेवायचा. आज यंत्रं हे सगळं बऱ्यापैकी साधतात आणि तासाला हजारोंनी मुटक्या काढतात. आत उभ्या मुलीने फक्त तुकडा वर ठेवायचा.

मुरलेल्या आचाऱ्याच्या हातची सुशी आणि यंत्राची सुशी सारखी लागते, असं मी म्हणणार नाही. लागत नाही. आचारी माशाप्रमाणे भाताचा दाब बदलतो, तुकड्यावर बारीक काप देतो, सॉस स्वतः लावून देतो. पण फरक आहे तो हाताचा, खाण्याजोगं असणं-नसणं याचा नाही.

दुसरी बचत सगळ्या बश्यांची बेरीज एकत्र धरण्यात आहे. प्रत्येक बशीवर सारखा नफा सुटत नाही. कुप्याच्या म्हणजे ट्यूनाच्या बशीवर दुकानाच्या हाती फारसं काही लागत नाही, पण ती नसेल तर कोणी येणारच नाही. उलट काकडीचा रोल, अंड्याची वडी, मेयोनेजमध्ये कालवलेले मक्याचे दाणे यांवर चांगलं सुटतं. चार माणसांचं कुटुंब आलं की आजोबा कुपा मागतात, लहान पोरगी मक्याच्या चार बश्या फस्त करते, आणि सरासरी जमते. याचसाठी या दुकानांत रामेन, उदोन असले नूडल्स, तळलेला बटाटा, पुडिंग, आइसक्रीम, सगळं मिळतं. कडव्या सुशीप्रेमींना ते खटकतं. मला नाही खटकत. त्या बटाट्याच्या आणि पुडिंगच्या जिवावर कुपा स्वस्त राहतो.

तिसरी गोष्ट नासाडीची. पट्ट्यावर ठेवलेली बशी कोणी उचलली नाही तर ती फेकावी लागते. कोणी उचलील म्हणून भरपूर ठेवली तर तोटा, कमी ठेवली तर रिकामा पट्टा बघून गिऱ्हाईक नाराज. सुशिरोने बश्यांच्या तळाशी चिप बसवली. 350 मीटर फिरून झालेली बशी आपोआप पट्ट्यावरून बाजूला व्हायची. चिपमुळे कोणत्या वेळी काय उचललं जातं याची नोंदही साठत गेली. त्यावरून, टेबलावर कोण बसलंय, किती वेळ बसलंय हे धरून, पुढच्या 1 मिनिटात आणि 15 मिनिटांत काय लागेल याचा अंदाज स्वयंपाकघरातल्या पडद्यावर दिसायचा. बसल्याबसल्या माणूस भुकेला असतो, भराभर खातो, मग मंदावतो, शेवटी गोडाकडे वळतो. अनुभवी आचारी हे गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ओळखतो. इथे ते ज्ञान आकड्यांत उतरवलंय.

कुराने बश्या मोजायचं कामही माणसाकडून काढून घेतलं. टेबलाच्या कडेला एक फट असते. रिकामी बशी त्यात सोडायची, ती आतल्या पाण्याच्या प्रवाहातून थेट धुण्याच्या जागी जाते आणि जाताजाता मोजली जाते. पाच बश्या टाकल्या की पडद्यावर एक छोटा खेळ सुरू होतो. जिंकलात तर वरून प्लास्टिकच्या गोळ्यात खेळणं पडतं. चार बश्यांवर पोट भरलेली मुलं पाचवीसाठी आईच्या मागे लागतात. म्हणजे टेबल स्वच्छ, मोजणी चोख, आणि एक बशी जास्त खपली. असा तिहेरी विचार मला थक्क करतो.

आता मासा. बाबांची खरी काळजी तीच होती. कच्चा मासा खाऊन पोट बिघडत नाही का? धोका आहे, आणि त्याचं नावही ठरलेलं आहे: आनिसाकिस हा धाग्यासारखा परजीवी किडा. समुद्रातल्या माशांत तो असू शकतो आणि पोटात जिवंत गेला तर भयंकर कळा येतात. व्हिनेगर, मीठ, वासाबी नावाची झणझणीत हिरवी चटणी यांनी तो मरत नाही. मरतो तो उष्णतेने, नाहीतर गोठवण्याने. जपानच्या आरोग्य खात्याची सूचना आहे की मासा उणे 20 अंशांवर किमान 24 तास ठेवावा. साखळ्यांमधला बराचसा मासा गोठवूनच येतो. दूरच्या समुद्रात पकडलेला कुपा तर बोटीवरच उणे 60 अंशांपर्यंत गोठवतात, म्हणून महिनोन्महिने त्याचा लाल रंग टिकतो. ताजा म्हणजे चांगला हे आपल्या बंदरावर खरं आहे. तिथे सकाळची मासळी दुपारी ताटात असते. पण कच्च्या खाण्याच्या बाबतीत नीट गोठवलेला मासा हा ताज्यापेक्षा जास्त निर्धोक असू शकतो, हे बाबांना पटायला जरा वेळ लागला.

सामनची कथा तर याहून सुरस आहे. आज जपानी लोकांना विचारलं की फिरत्या सुशीत सगळ्यात जास्त काय खाता, तर वर्षानुवर्षं पहिलं उत्तर येतं सामन. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जपानात सामन कोणी कच्चा खात नसे. जपानच्या भोवतालच्या समुद्रातल्या सामनमध्ये किडे असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, तो खारवून भाजूनच खायचे. 1980च्या दशकात नॉर्वेकडे शेतीत वाढवलेला सामन भरपूर झाला. हा सामन तयार खाद्यावर वाढतो, त्यामुळे त्यात किड्याचा धोका अगदी कमी. त्यांनी 'प्रोजेक्ट जपान' नावाची मोहीम काढली आणि जपानी लोकांना तो कच्चा खायला लावायचं ठरवलं. जुने आचारी ऐकेनात. त्यांच्या लेखी सामन ही सुशीची वस्तूच नव्हती, आणि पारंपरिक वळणाच्या कित्येक दुकानांत तो आजही ठेवत नाहीत. त्याला खरी जागा मिळाली ती फिरत्या पट्ट्यावर, कारण तिथल्या गिऱ्हाइकाला, खास करून मुलांना, परंपरेशी देणंघेणं नव्हतं. केशरी रंग, मऊ, तुपकट चव. पोरांनी हात घातला आणि काम झालं. एक सांगून ठेवते: आपण रावसाला 'इंडियन सामन' म्हणतो, पण रावस वेगळा मासा आणि हा वेगळा.

आपल्या किनाऱ्याचा धागाही या पट्ट्यावर आहे. खेकड्याच्या काडीसारखी दिसणारी लाल-पांढरी वस्तू असते ना, 'कानिकामा', त्यात खेकडा नसतो. माशाचं मांस धुऊन, कुटून केलेला 'सुरिमी' नावाचा लगदा असतो. हा सुरिमी ज्या माशांपासून होतो त्यात आपला राणी मासा आहे. जपानीत त्याला इतोयोरी म्हणतात. रत्नागिरीत सुरिमीचा मोठा उद्योग आहे आणि तिथला माल जपानपर्यंत येतो. मी हे सांगितल्यावर बाबांनी ती बशी उचलली, तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि न बोलता खाल्ला. त्यांनी खाल्लेली पहिली सुशी ती.

दुकानात शिरल्यावर काय करायचं तेही सांगते, कारण पहिल्यांदा जाणारा तिथे गांगरतो. दारात यंत्र असतं. माणसं किती, टेबल हवं की काउंटर, एवढं दाबायचं आणि चिठ्ठी घ्यायची. शनिवार-रविवारी तासभरही थांबावं लागतं. टेबलावरच्या पडद्यावर भाषा बदलता येते. हिरवी पूड असते ती चहाची. कपात चिमूटभर टाकायची आणि टेबलाच्या कडेच्या नळाखाली कप दाबून धरायचा. तो नळ हात धुण्याचा नाही, त्यातून कढत पाणी येतं. मी लोकांना तिथे हात भाजून घेताना पाहिलंय, म्हणून जोर देऊन सांगते. डबीतलं गुलाबी-पिवळसर लोणचं आल्याचं, दोन वेगळ्या माशांच्या मध्ये तोंड साफ करायला. आपल्याकडे सुशीत वासाबी लावलेलाच असतो अशी समजूत आहे, पण या साखळ्यांत मुलं खातात म्हणून तो सहसा नसतो, पुडी वेगळी घ्यायची. सोया सॉसमध्ये भाताची बाजू बुडवू नका. भात सॉस शोषून घेतो आणि फुटतो. मुटकी आडवी करून माशाची बाजू नुसती टेकवायची. हाताने खाल्लं तरी चालतं, गाडीवरची पद्धत तीच होती.

पट्ट्यावरच्या बशीला हात लावला की ती आपली. परत ठेवायची नाही, हा नियम कोणी लिहून लावत नसलं तरी पक्का आहे. पडद्यावरून मागवलेली बशी वरच्या वेगळ्या मार्गाने सुसाट येते आणि तुमच्यासमोर थांबते, काही ठिकाणी तर छोट्या शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनवर बसून. उठताना पडद्यावरच बिल मागायचं. टिप द्यायची पद्धत जपानात नाही. दहा बश्या खाल्ल्यात तर 1,200 येनच्या पुढे थोडं, एवढा हिशोब बसल्याबसल्या करता येतो. फिरत्या सुशीने गिऱ्हाइकाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते. खिशात किती आहेत ते बघून माणूस आत जाऊ शकतो.

आईसाठी मी आधीच यादी केली होती. काकडीचा रोल, 'काप्पामाकी', निश्चिंत खावा. पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याचा रोल मिळाला तर तोही, पण ते लोणचं कशात मुरवलंय हे आधी विचारलेलं बरं. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. त्याच्या वासाची आणि तारांची तयारी हवी, आणि सोबत येणाऱ्या सॉसमध्ये माशाचा अर्क असतो, तो बाजूला ठेवावा. फसगत होते ती इनारीत. तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरलेला असतो, दिसायला संपूर्ण शाकाहारी. पण ती पिशवी ज्या गोडसर रश्शात शिजवतात त्यात 'दाशी' नावाचा अर्क असतो, आणि दाशी सहसा सुकवलेल्या कात्सुओ माशाचा. मिसो सूपमध्येही तेच. अंड्याच्या वडीतही. काही साखळ्यांच्या सोया सॉसच्या बाटलीतसुद्धा दाशी मिसळलेला असतो, तेव्हा बाटलीवर पाहून घ्यावं. कडक शाकाहारी माणसाला इथे पोटभर जेवण मिळतं असं मी सांगणार नाही, ते खरं नाही. आईने काकडीचे दोन रोल खाल्ले, तळलेला बटाटा खाल्ला, चहा मात्र तीन कप घेतला, आणि बाकीचा वेळ ती पट्टा बघत बसली. जाणाऱ्या प्रत्येक बशीबद्दल तिने मला विचारलं.

हा पट्टाच आता कमी होत चालला आहे. 2022च्या ऑक्टोबरमध्ये सुशिरो आणि कुरातली शंभर येनची बशी गेली. कर धरून 110 येनला मिळणारी सुशिरोची सगळ्यात स्वस्त बशी 120ची झाली, कुराची 115ची. येन घसरला होता, मासा महागला होता, आणि युक्रेनच्या युद्धामुळे नॉर्वेहून सामन आणणाऱ्या विमानांना रशियावरून उडता येत नसल्याने लांबचा फेरा पडत होता. पाठोपाठ 2023च्या जानेवारीत गिफू शहरातल्या एका दुकानातली चित्रफीत पसरली. एक मुलगा सोया सॉसच्या बाटलीचं तोंड चाटत होता, बोटाला थुंकी लावून फिरणाऱ्या सुशीला लावत होता. देशभर संताप उसळला. उघड्यावर ठेवलेलं अन्न अनोळखी माणसांसमोरून फिरतं आणि कोणी त्याला काही करत नाही, या विश्वासावरच हा सगळा धंदा उभा होता. अनेक दुकानांनी पट्ट्यावर सुशी ठेवणं थांबवलं, फक्त मागवलेल्या बश्या सोडायला सुरुवात केली. सुशिरोने त्याच वर्षी काही दुकानांत टेबलाशेजारी मोठा पडदा लावला. त्यावर सुशीची चित्रं सरकतात, बोट लावलं की खरी बशी येते. नासाडी वाचते, भीती नाही. पण पडद्यावरचं चित्र पाहून ती कोळंबी आहे की आणखी काही, हे विचारत बसावंसं आईला वाटलं नसतं, असं मला वाटतं.

कुराने पट्टा सोडलेला नाही. त्यांच्या बश्यांवर आधीपासून पारदर्शक झाकण असतं. बशीची कड वर उचलली की ते आपोआप उघडतं, झाकणाला हात लावावा लागत नाही. त्यावर त्यांनी कॅमेऱ्यांची नजर वाढवली. 2025 साली ओसाकात पुन्हा जागतिक प्रदर्शन भरलं. 1970च्या प्रदर्शनाने हा पट्टा देशभर पोहोचवला होता, या वेळी कुराने प्रदर्शनात सुमारे 135 मीटर लांबीचा पट्टा फिरवला आणि त्यावर 70 देशांचे पदार्थ सोडले. मी त्याबद्दल बाबांना फोनवर सांगितलं. एवढा लांब पट्टा, एवढे देश. सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "वळणं किती आहेत?"